फुकटचे १६५ गुण

आमच्या ऑफिसात माझी एक ओळख आहे, आणि तिचा माझ्या कामाशी काहीएक संबंध नाही. नवीन कोणी टीममध्ये आलं की कोणीतरी सांगतंच, "हा जावा करतो, हा टेस्टिंगला आहे, आणि हा... हा फिडे रेटेड चेस प्लेयर आहे बरं का!" मग समोरचा "ओह, वॉव" म्हणतो, मी उगाच विनम्र चेहरा करून "अरे, शाळेत असताना खेळायचो" म्हणतो, आणि सगळे चहाला जातात. सहा वर्षं हे असंच चाललंय.

कोणी फारच खोलात शिरलं आणि "किती रेटिंग?" असं विचारलं, तर मी लगेच सांगायचो, "१५८७." रोल नंबर, गाडीचा नंबर विसरेन, पण हा आकडा नाही.

तर झालं असं की २०२५ च्या सप्टेंबरात इंटर-कंपनी बुद्धिबळ स्पर्धेचं मेल आलं. एचआरने माझं नाव परस्पर पहिल्या बोर्डावर टाकलं आणि फिडे आयडी मागितला. तो शोधायला मी कितीतरी वर्षांनी स्वतःचंच प्रोफाइल उघडलं. आणि तिथे १५८७ नव्हतंच. तिथे होतं १७५२! खाली बारीक अक्षरात 'इनॅक्टिव्ह'.

मी शेवटची रेटिंग स्पर्धा खेळलो मे २०१५ मध्ये, नागपूरला. त्यानंतर दहा वर्षांत एकही अधिकृत डाव नाही. म्हणजे मी घरी बसून १६५ गुणांनी सुधारलो होतो. असं इन्क्रिमेंट कंपनीत मिळालं तर काय बहार येईल!

शोधल्यावर कळलं, की हे माझ्या एकट्याच्या नशिबात आलेलं नव्हतं. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एकदाच वर उचलली. २००० ला तुम्ही जितके कमी पडता, त्याच्या ४० टक्के तुमच्या रेटिंगमध्ये मिळवायचे. मी ४१३ ने कमी पडत होतो, त्याचे ४० टक्के १६५. झाले १७५२. कारणही पटण्यासारखं होतं. रेटिंगचा तळ पूर्वी १००० होता. हजारो पोरं अगदी खालून सुरुवात करायची, भराभर शिकायची आणि तेवढ्याच भराभर मोठ्यांचे गुण खायची. त्यामुळे खालच्या थरातली सगळ्यांचीच रेटिंग खरी ताकद होती त्यापेक्षा खाली गेली होती. म्हणून सगळ्यांना वर उचललं आणि तळ १४०० केला. खेळणाऱ्यांवर अन्याय झाला होता म्हणून ही भरपाई होती. माझ्यावर कसला अन्याय? मी तर खेळतच नव्हतो. पण फॉर्म्युला कुठे विचारतो, तुम्ही कुठे होतात म्हणून.

---

आता थोडं मागे जाऊ या.

माझं गाव नाकाडोंगरी. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. मध्य प्रदेशची हद्द एवढी जवळ की आमच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि हिंदी कुठे सुरू होते हे आम्हालाही कळत नाही. शेजारी मॉइलची डोंगरी बुजुर्ग ही मॅंगनीजची उघडी खाण. तिथल्या खनिजातलं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय सेलमध्ये वापरतात. (टॉर्चचा जुना सेल फोडून आतली काळी भुकटी पाहिली असेल तर तुम्ही आमच्या गावाला थोडंसं ओळखता.) एका बाजूला धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला काळी माती, आणि ब्लास्टिंगच्या वेळी खिडक्यांची तावदानं थरथरायची.

बाबा खाणीच्या वजनकाट्यावर होते. रिकामा ट्रक आत येताना तोलायचा, माल भरून बाहेर जाताना पुन्हा तोलायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. तीस वर्षं हेच काम.

बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, पण आपल्या देशी नियमांनी. प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालणार, राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्याची अडीच घरं मारता येणार, वगैरे. सातवीत असताना तुमसरला एका शालेय स्पर्धेत मी पंचांसमोर राजा घोड्यासारखा उडवला. सगळं वर्ग भरून हसलं. घरी येऊन मी बाबांवर चिडलो. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तुमसरहून नियमांचं एक पुस्तक घेऊन आले आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मुलाबरोबर कॅसलिंग शिकले.

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. एसटीने तुमसर, तुमसर रोडहून रेल्वे, मग नागपूर. डब्यात आईने दिलेली पोळी-भाजी. मी हॉलमध्ये खेळायचो आणि बाबा बाहेर पायऱ्यांवर बसून पेपर वाचायचे. नागपूर तेव्हा बुद्धिबळात जोरात होतं, पुढे तर आणखीच. आज रौनक साधवानी, संकल्प गुप्ता असे ग्रॅंडमास्टर त्या शहराचे आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा नाकाडोंगरीतही लोकांनी एकमेकांना पेढे दिले, ज्यांना हत्ती कसा चालतो हे माहीत नाही त्यांनीसुद्धा! असो. मी त्या जातीचा खेळाडू कधीच नव्हतो. पण २०१५ मध्ये माझ्या नावापुढे १५८७ लागले, आणि बाबांनी पटाच्या डब्याच्या झाकणाला आतून स्केचपेनने तो आकडा लिहिला. खाली तारीख आणि सही. पावतीवर करायचे तशी.

मग इंजिनिअरिंग आलं. पहिल्या सेमिस्टरला वाटलं, दुसऱ्यात खेळू. दुसऱ्यात वाटलं, सुट्टीत खेळू. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

---

आता खरं सांगायचं तर वेळ नव्हता ही थाप आहे. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव मी नियमित खेळायचो. टोपणनावाने! हरलो तर कोणाला कळायचं नाही. पुण्यात रेटिंग स्पर्धा होतच असतात. दोनदा फॉर्म भरायला घेतला आणि पैसे भरायच्या पानावरून परत आलो. कारण सरळ आहे. न खेळणाऱ्याचं रेटिंग कमी होत नाही. वर्षभर एकही डाव झाला नाही तर फिडे नावापुढे 'इनॅक्टिव्ह' लावते, पण आकड्याला हात लावत नाही. बॅंकेतल्या जुन्या खात्यासारखं, व्यवहार बंद पण शिल्लक तशीच.

यात मी एकटा नाही म्हणा. गॅरी कास्पारॉव्ह मार्च २००५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचं रेटिंग २८१२ होतं. बारा वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, तो सेंट लुईसला रॅपिड आणि ब्लिट्झ खेळायला आला. दहा जणांत आठवा. पण रॅपिड आणि ब्लिट्झचं रेटिंग वेगळं मोजतात, त्यामुळे ते २८१२ तसंच शाबूत राहिलं. (कास्पारॉव्हशी स्वतःची तुलना करायची संधी आयुष्यात एकदाच मिळते, घेऊन टाकली.)

याच सुमारास आमचा मॅनेजर गोल्फकडे परत वळला होता. ऑनसाइटला असताना शिकला, मग मुलं झाली, किट माळ्यावर गेलं. पाच-सहा वर्षांनी पुन्हा खेळायला गेला तर त्याच्या नावावर जुनं बारा हॅंडिकॅप. म्हणजे ढोबळमानाने एका फेरीत त्याला बारा फटक्यांची सूट. प्रत्यक्षात हा पठ्ठ्या आता बावीस-पंचवीस फटके जास्त घेत होता. दर शनिवारी हरायचा आणि दर शनिवारी सगळ्यांना चहा पाजायचा.

जेवताना त्याने मला ते गणित समजावलं. २०२० पासून जगभर एकच हॅंडिकॅप पद्धत आहे. तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. म्हणजे हॅंडिकॅप तुमचे चांगले दिवस लक्षात ठेवतं. अडचण अशी, की मध्ये पाच वर्षं गेली तरी शेवटच्या वीस फेऱ्या या शेवटच्याच वीस. परत आल्यावर नव्या वाईट फेऱ्या भरत जातात, पण जुन्या चांगल्या आठ यादीतून बाहेर पडेपर्यंत तुम्हाला छळतात.

"मग कमिटीला सांगून वाढवून घे ना," मी म्हणालो.

"सांगता येतं," तो म्हणाला. "पण सगळ्यांसमोर 'मी आता बाराचा राहिलो नाही' असं म्हणायला जीभ रेटत नाही रे. याला व्हॅनिटी हॅंडिकॅप म्हणतात." आणि स्वतःच हसला.

मी पण हसलो. आणि हसता हसता पोटात काहीतरी हललं. त्याच्या खेळात जुना आकडा धरून बसलं तर दर शनिवारी खिशाला चाट बसते. माझ्या खेळात फक्त घरी बसायचं, बस्स.

आणि बुद्धिबळाचं रेटिंग तर चांगले दिवस निवडतही नाही. अर्पाद एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, अमेरिकेत मिलवॉकीला. त्यांची ही पद्धत फिडेने १९७० मध्ये घेतली. कल्पना साधी आहे. दोघांच्या रेटिंगमधला फरक बघून आधीच ठरतं की तुमच्याकडून किती अपेक्षा आहे. समोरचा शंभर गुणांनी कमी असेल तर तुम्ही शंभर डावांत ६४ गुण घ्यावेत, दोनशेने कमी असेल तर ७६. त्याहून जास्त घेतले तर चढलात, कमी घेतले तर उतरलात. सगळे डाव मोजले जातात, तापात खेळलेला सुद्धा.

---

दिवाळीत घरी गेलो. बाबा आता रिटायर झालेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जातात. संध्याकाळी अंगणात पट मांडला. झाकणाच्या आत १५८७ अजून होतं, जांभळट झालेलं. मी त्यांना सांगितलं की आता १७५२ झाले.

"खेळलास का?"

"नाही, फिडेने वाढवले. सगळ्यांचेच."

ते थोडा वेळ प्यादी लावत राहिले. मग म्हणाले, "मंग हे तं काट्यातलाच फरक आहे नं. तू किती भरते हे कुठी कळलं?"

मी म्हणालो, "बाबा, पण खेळलो तर कमी होतील."

"कमी होतील मंजे? असतील तेवढे दिसतील."

मी गप्प. ते सांगायला लागले. ट्रक ड्रायव्हर रोज भांडायचे. बाबूजी, कल ही तो तौला था, वही लिख दो. रोजचीच गाडी, रोजचाच नंबर, रिकामं वजन कशाला पुन्हा करायचं, रांग मोठी आहे. पण बाबा कधी कालचं वजन लिहायचे नाहीत. पावसात चेसिसला दहा-वीस किलो चिखल बसतो. कोणी टायर बदलतो, कोणी टाकी फुल करून येतो, कोणी मागे ताडपत्री टाकतो. "गाडी तेच राहते, वजन तेच नाई राहत. अन् काट्याचंबी तसंच. वापरला नाई म्हून काटा बरोबर राहते का? त्यालेबी मुदतीत तपासून शिक्का माराच लागते."

मग माझा घोडा मारला आणि म्हणाले, "चाल."

परतीच्या गाडीत, नागपूर यायच्या आत, मी फॉर्म भरला.

---

डिसेंबरात पुण्यात 'बिलो १८००' स्पर्धा होती. पाच दिवस, नऊ फेऱ्या, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद. दोन दिवस रजा टाकली. (कारण: पर्सनल. बरोबरच होतं.) १७५२ च्या कृपेने मी सीडिंगमध्ये चौदावा होतो.

हॉलबाहेर पालकांची गर्दी. बाकावर बसलो तर शेजारच्या एका बाईंनी आपुलकीने विचारलं, "तुमचा मुलगा कितव्या बोर्डवर आहे?"

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे हो!

पहिल्याच फेरीत समोर अकरा वर्षांचा मुलगा. रेटिंग १५०० च्या आसपास, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी माझं जुनं हुकमी कॅरो-कान काढलं. त्याने बारा चाली विचार न करता खेळल्या. माझी पाठ असलेली ओळ २०१५ ची होती, त्याची गेल्या आठवड्यातली. तरी मधल्या डावात मी सावरलो, एक प्यादं वर आलो. आणि मग मोबाईलच्या सवयीने चाल दिसली की हात पुढे! माझ्या घड्याळात ५२ मिनिटं शिल्लक असताना मी हत्तींच्या एन्डगेममध्ये राजा चुकीच्या बाजूला नेला. तो पोरगा वीस मिनिटं हलला नाही. पाण्याच्या बाटलीचं नळीवालं झाकण चावत बसला आणि योग्य चाल शोधून काढली. तीस चालींनंतर मी हात पुढे केला.

"अंकल, इथे राजा मागे घेतला असता तर ड्रॉ होती," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. वर अठरा वर्षांखालच्या मुलांचे गुण दुप्पट वेगाने हलतात. त्यांचा गुणक ४०, माझ्यासारख्यांचा २०. मी जेवढे हरलो त्याच्या दुप्पट तो कमावून गेला.

त्या रात्री खरंच वाटलं, उद्या तब्येतीचं कारण सांगून निघून जावं. मग लक्षात आलं की एक डाव खेळून झाला, आता 'इनॅक्टिव्ह' जाणारच. पळून तरी काय वाचवणार? झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून एक गंमत झाली. वाचवायचं काही उरलं नाही म्हटल्यावर मी चक्क खेळायला लागलो. घड्याळ वापरायला लागलो. चौथ्या फेरीत एका बॅंकेतल्या काकांबरोबर साडेचार तास बसलो आणि बरोबरी केली, आणि बाहेर येऊन दोघांनी वडापाव खाल्ला. सहाव्या फेरीत एक डाव असा जिंकलो की अजून आठवला की बरं वाटतं. सातव्या-आठव्यात पुन्हा दोन पोरांनी धुतलं. शेवटी नऊपैकी साडेतीन.

हिशेब मांडला. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १६५०. मी शंभराने वरचा, म्हणजे डावामागे ०.६४ ची अपेक्षा, नऊ डावांत ५.७६. मिळाले ३.५. फरक उणे २.२६, गुणिले २०. पंचेचाळीस गेले. १७५२ चे १७०७.

त्याहून खरा आकडा म्हणजे परफॉर्मन्स, या नऊ डावांत मी कितीचा खेळलो. तो निघाला १५७०. पाहिल्यावर क्षणभर हरखलोच. अरे, १५८७ च्या जवळच की! दहा वर्षांत काहीच गेलं नाही! मग ट्यूब पेटली. हे १५७० नव्या काट्यावरचे. फॉर्म्युला उलटा फिरवला तर जुन्या काट्यावर जेमतेम १२८३ होतात. म्हणजे तीनशे गुण दहा वर्षांत सांडले होते, आणि फुकट मिळालेल्या १६५ मुळे ते इतके दिवस दिसत नव्हते, एवढंच.

रात्री बाबांना फोन केला. घाबरतच सगळं सांगितलं, तीनशेसकट. पलीकडून आधी फक्त टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, "नऊच्या नऊ खेळलास नं?"

"हो."

"मधात उठून नाई आलास?"

"नाही."

"मंग झालं तं. पक्का आकडा कधी येते?"

१ जानेवारी २०२६ च्या यादीत तो आला. १७०७, आणि 'इनॅक्टिव्ह' गेलेलं. बाबांनी व्हॉट्सॲपवर डब्याच्या झाकणाचा फोटो पाठवला, जरा हललेला. १५८७ खोडलेलं नाही. त्याच्या खाली नव्या स्केचपेनने १७०७, तारीख, सही. आणि खाली बरीच जागा मोकळी.

ऑफिसात आता कोणी विचारलं तर १७०७ सांगतो. "कमी झाले का रे?" असं विचारणारे भेटतात. त्यांना सांगतो, हो, आणि बहुतेक अजून होतील. एलोचा हिशेब असाच चालला तर खरी पातळी दिसेपर्यंत दोन-तीन स्पर्धा जातील. मॅनेजरलाही हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं बरं आहे, तुला कमिटीसमोर उभं राहावं लागत नाही." पण पुढच्या शनिवारी जाऊन विचारून आला म्हणे.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेचा फॉर्म भरलाय. हत्तींचे एन्डगेम रोज अर्धा तास करतोय, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या अकरा वर्षांच्या महाशयांचं नावही एन्ट्री लिस्टमध्ये दिसतंय. आता तेही सोळाशेच्या वर गेलेत.